‘कास्ट केला की झालं’ हा गैरसमज

मेमरीला प्रकार ठाऊक नसतात. तिथे फक्त बिट असतात. १.० ही संख्या ३२ बिटांचा फ्लोट म्हणून साठवली की आयईईई ७५४ मानकाप्रमाणे चिन्हाचा बिट शून्य, घातांकाच्या आठ बिटांत १२७ आणि उरलेले तेवीस बिट शून्य अशी मांडणी होते. हेच बिट पूर्णांक म्हणून वाचले तर १०६५३५३२१६ ही संख्या मिळते. हे रूपांतर नव्हे. रूपांतरात १.० चा १ होतो आणि बिट बदलतात. इथे बिट तेच राहतात, त्यांचा अर्थ तेवढा बदलतो. फ्लोटचा घातांक वेगळा काढताना, हॅश काढताना किंवा फाइलचं हेडर वाचताना याची गरज हटकून पडते.

सी आणि सी++ मध्ये त्यासाठी सर्रास वापरली जाणारी रीत अशी: फ्लोटचा पत्ता घ्यायचा, तो इंटच्या पॉइंटरमध्ये कास्ट करायचा आणि त्यातून वाचायचं. ‘मेमरी तीच, बिट तेच, मग बिघडणार काय?’ हा युक्तिवाद वर्गात, कोड रिव्ह्यूमध्ये, मुलाखतींमध्येही पुन्हा पुन्हा ऐकू येतो. तो चुकीचा आहे, कारण प्रोग्रॅम आणि मेमरी यांच्यामध्ये कंपायलर असतो, आणि भाषेच्या मानकाने त्याला एक गोष्ट गृहीत धरायची परवानगी दिलेली आहे: परस्परांशी न जुळणाऱ्या प्रकारांचे दोन पॉइंटर एकाच वस्तूकडे बोट दाखवत नाहीत. यालाच स्ट्रिक्ट अलायसिंगचा नियम म्हणतात. तो १९८९ च्या पहिल्या सी मानकापासून आहे. सी९९ मध्ये तो विभाग ६.५ च्या सातव्या परिच्छेदात सापडतो.

या गृहीतकाचा परिणाम एका छोट्या फंक्शनमध्ये स्पष्ट दिसतो. फंक्शनला एक इंट पॉइंटर आणि एक फ्लोट पॉइंटर मिळतो. ते पहिल्यातून १ लिहितं, दुसऱ्यातून ०.० लिहितं आणि शेवटी पहिल्यातली किंमत वाचून परत देतं. दोन्हींना एकच पत्ता दिला तर भोळ्या हिशेबाने उत्तर शून्य यायला हवं. पण फ्लोटमध्ये लिहिल्याने इंट बदलणार नाही असं कंपायलर धरून चालतो, मेमरी पुन्हा वाचतच नाही आणि थेट १ परत देतो. यात कंपायलरचा दोष नाही. ही मोकळीक नसेल तर फ्लोटच्या ॲरेमध्ये लिहिणाऱ्या लूपमध्ये पॉइंटरमधून मिळणारा इंट काउंटर दर फेरीला मेमरीतून नव्याने वाचावा लागेल.

‘पण माझ्याकडे चालतं’ हे त्यावरचं ठरलेलं उत्तर. चालतं, कारण ऑप्टिमायझेशन बंद आहे, किंवा फंक्शन इनलाइन झालेलं नाही, किंवा मायक्रोसॉफ्टचा कंपायलर वापरात आहे आणि तो प्रकारांवरून असे निष्कर्ष काढत नाही. जीसीसी हा नियम ‘-ओ२’ पासून लागू करतो, असं त्याच्या मॅन्युअलमध्येच लिहिलेलं आहे. मानकाच्या भाषेत हे अनडिफाइन्ड बिहेविअर आहे, आणि आज बरोबर आलेलं उत्तर हाही त्याचाच एक प्रकार. कंपायलरची आवृत्ती बदलली की तेच फंक्शन वेगळं उत्तर देऊ शकतं. जीसीसीचा इशारा अशी काही उदाहरणं पकडतो, सगळी नाही. अनडिफाइन्ड बिहेविअर सॅनिटायझर तर हा भंग तपासतच नाही.

मग दाखले दिले जातात. लिनक्स कर्नलमध्ये असे कास्ट आहेत, हे खरं. पण कर्नल ‘नो-स्ट्रिक्ट-अलायसिंग’ हा पर्याय देऊन बांधला जातो, म्हणजे तिथे हा नियम जाणीवपूर्वक बंद केलेला असतो. तो पर्याय न देता कर्नलची नक्कल करणं हा निव्वळ निष्काळजीपणा आहे. दुसरा लाडका दाखला १९९९ च्या क्वेक थ्री अरीनामधल्या व्यस्त वर्गमुळाच्या फंक्शनचा. त्यात फ्लोटचा पत्ता लाँगच्या पॉइंटरमध्ये कास्ट केलेला आहे. आजच्या ६४ बिटी लिनक्सवर लाँग आठ बाइटचा आणि फ्लोट चार बाइटचा असतो. तो कोड जसाच्या तसा उचलला तर अलायसिंगचा प्रश्न दूरच, तो फ्लोटच्या पलीकडचे चार बाइटही वाचतो.

सुरक्षित मार्ग जुना आणि साधा आहे: मेमकॉपी. इंट व्हेरिएबल घ्यायचं आणि फ्लोटचे चार बाइट त्यात कॉपी करायचे. इथे ‘कॉपी म्हणजे हळू’ ही तक्रार येते आणि तीही निराधार आहे. कॉपीचा आकार आधीच ठाऊक असेल आणि ऑप्टिमायझेशन चालू असेल, तर जीसीसी आणि क्लँग फंक्शन कॉलच काढून टाकतात. एक्स८६-६४ वर उरते ती ‘मूव्हडी’ ही एकच सूचना. सी++२० ने याच कामासाठी बिट-कास्ट दिलं. दोन्ही प्रकारांचे आकार समान नसतील किंवा ते ट्रिव्हियली कॉपिएबल नसतील, तर ते कंपाइलच होत नाही. शिवाय ते कंपाइल होतानाच्या गणितातही चालतं, जे मेमकॉपीला जमत नाही.

युनियनबद्दल अर्धवट माहिती फिरते. सी मध्ये एका सभासदात लिहून दुसऱ्यातून वाचणं चालतं. सी९९ च्या २००७ च्या दुरुस्तीतली तळटीप तसं स्पष्ट सांगते. सी++ मध्ये मात्र सक्रिय नसलेला सभासद वाचणं अनडिफाइन्ड आहे. जीसीसी ते चालवून घेतो, पण ती त्या कंपायलरची सवलत आहे, भाषेची हमी नाही.

रीइंटरप्रिट-कास्ट लिहिल्याने काहीही सुरक्षित होत नाही. ते पॉइंटरचा प्रकार बदलतं. त्यातून वाचण्याची परवानगी देत नाही.

अलायसिंगच्या नियमात कॅरेक्टर पॉइंटरला सूट आहे, पण ती एकतर्फी आहे: कोणतीही वस्तू बाइट-बाइट करून पाहता येते, पण कॅरेक्टरचा ॲरे इंट म्हणून वाचता येत नाही. नेटवर्क बफर थेट स्ट्रक्टच्या पॉइंटरमध्ये कास्ट करणारा कोड इथेच चुकतो.

‘एक्स८६ वर अलाइनमेंट कशीही चालते’ हेही पूर्ण खरं नाही. कंपायलरने लूप व्हेक्टराइझ करताना अलाइन्ड लोड वापरला, तर चुकीच्या पत्त्यावर प्रोग्रॅम तिथेच कोसळतो.

रस्टमध्ये प्रकारांवर आधारलेला असा अलायसिंग नियम नाही, पण त्यामुळे बिटांचा अर्थ बदलणारं ट्रान्सम्यूट निर्धोक ठरत नाही. ते फक्त आकार जुळतात का एवढंच पाहतं. २ ही किंमत बूलमध्ये घातली तरी अडवत नाही, आणि तेवढ्याने अनडिफाइन्ड बिहेविअर घडतं. फ्लोटचे बिट हवे असतील तर रस्टमध्ये टू-बिट्स आणि फ्रॉम-बिट्स ही सुरक्षित फंक्शन्स आहेत.

आणि मेमकॉपीने सगळंच सुटतं असंही नाही. फाइलमधून किंवा नेटवर्कवरून आलेले बाइट थेट स्ट्रक्टमध्ये कॉपी केले, तर पॅडिंग आणि बाइटांचा क्रम हे दोन्ही प्रश्न उरतात. तिथे एकेक बाइट उचलून, शिफ्ट करून संख्या जोडावी. जीसीसी आणि क्लँग ही रचना ओळखतात आणि बहुतेक वेळा तिचा एकच लोड करतात. क्रम उलटा असेल तर बाइट उलटवण्याची एक सूचना वाढते.