आकाशातील मोफत चित्रवाणी : घ्यावी कशी, साठवावी कशी?

महिन्याचे पैसे भरल्याशिवाय घरात टीव्ही चालतच नाही, अशी आता बहुतेकांची समजूत झाली आहे. केबलचे बिल थकले किंवा डीटीएचचे रिचार्ज संपले, की पडदा काळा. मग घरातले म्हणतात, ‘पैसे आले की बघू.’ परंतु ही समजूत खरी नव्हे. एकदाच थोडा खर्च केला, तर पुढे एक पैसाही न भरता शंभराहून अधिक वाहिन्या पाहता येतात. आणि हव्या त्या कार्यक्रमाची नोंद करून तो सवडीने पुन्हाही पाहता येतो. हे कसे घडते, ते आज आपण पाहू.

पूर्वी माडीवर ॲल्युमिनियमच्या काड्यांचा अँटेना असे. जवळच्या मनोऱ्यावरून आलेल्या लहरी तो टिपत असे. दूरदर्शनचे ते जुने ॲनालॉग प्रक्षेपक 2022 पर्यंत जवळजवळ सगळे बंद झाले. तेव्हा त्या काड्या आता कावळ्यांना बसायला ठीक! मोफत चित्राची आजची वाट मनोऱ्यावरून नव्हे, उपग्रहावरून येते. दूरदर्शनने डिसेंबर 2004 मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ नावाने ही सेवा सुरू केली. आज तिचे नाव ‘डीडी फ्री डिश’ असे आहे.

आता तुम्ही विचाराल, ‘हे फुकट कसं परवडतं?’ उत्तर सोपे आहे. खासगी वाहिन्या या सेवेवर जागा मिळावी म्हणून लिलावात बोली लावतात आणि दूरदर्शनला पैसे देतात. जास्त प्रेक्षक म्हणजे जास्त जाहिराती, हा त्यांचा हिशेब. म्हणजे जागेचे भाडे वाहिनी भरते, प्रेक्षक नव्हे. एके काळी साध्या रेडिओसाठीही पोस्टात दरवर्षी परवान्याचे पैसे भरावे लागत. इथे तेही नाही.

हे चित्र येते जीसॅट-15 या उपग्रहावरून. तो विषुववृत्तावर, 93.5 अंश पूर्व रेखांशावर, सुमारे 36 हजार किलोमीटर उंचीवर आहे. इतक्या उंचीवर त्याची प्रदक्षिणा पृथ्वीच्या फिरण्याबरोबरच पुरी होते, म्हणून तो आपल्याला एकाच जागी टांगल्यासारखा राहतो. छत्री एकदा रोखली की पुन्हा हलवावी लागत नाही, त्याचे कारण हेच. पुण्याहून तो जवळजवळ नेमका आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे 59 अंशांवर येतो. नागपूरहून थोडा अधिक दक्षिणेकडे, सुमारे 60 अंशांवर. तेव्हा छत्री बसवण्यापूर्वी एवढेच पाहा, की आग्नेयेकडे झाड, टाकी किंवा शेजारची इमारत आड येत नाही ना.

सामान चारच वस्तूंचे : साधारण दोन फुटांची छत्री, तिच्यापुढे बसणारा एलएनबी, जो लहरी गोळा करून त्यांची कंप्रता उतरवतो, आरजी-6 जातीची केबल, आणि सेट टॉप बॉक्स. सगळे मिळून सुमारे दोन हजार रुपयांच्या आसपास जमते. बॉक्स घेताना तो एमपीईजी-4 जातीचा आहे ना आणि त्याला यूएसबीचे तोंड व रेकॉर्डिंगची सोय आहे ना, हे दुकानातच विचारून घ्यावे. जुन्या एमपीईजी-2 बॉक्सवर काही वाहिन्या दिसतच नाहीत. घरी एखाद्या कंपनीची छत्री पडून असेल, तर तीच या उपग्रहाकडे वळवली तरी चालते.

छत्री रोखताना बॉक्सच्या पडद्यावर दोन पट्ट्या दिसतात, ‘स्ट्रेंग्थ’ आणि ‘क्वालिटी’. पहिलीवर विसंबू नका. एलएनबी नुसता जोडला तरी ती वर चढते. खरी साक्ष दुसरीची. ती दिसेपर्यंत छत्री बोटभर, बोटभर सरकवावी आणि दर वेळी क्षणभर थांबावे. आणखी एक गंमत : या छत्रीचा एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूला असतो, त्यामुळे ती प्रत्यक्षात रोखली असते त्यापेक्षा बरीच उभी दिसते. डोळ्यांवर भरवसा ठेवून ती आकाशाकडे उताणी करू नये. पावसाच्या थेंबांत या लहरी शोषल्या जातात, म्हणून मुसळधार सरीत चित्र गोठते. क्वालिटी आधीच काठावर असेल तर रिमझिमीतही गोठेल. म्हणून उन्हाळ्यातच छत्री नीट रोखावी आणि केबलच्या जोडावर पाणी जाऊ नये म्हणून पट्टी गुंडाळावी.

आता नोंद करण्याविषयी. बॉक्सला पेन ड्राइव्ह लावून रेकॉर्डचे बटण दाबले, की काम झाले. साध्या वाहिनीच्या एका तासाला अंदाजे एक गिगाबाइट जागा लागते. म्हणजे 32 गिगाबाइटच्या पेन ड्राइव्हमध्ये साधारण पंचवीस-तीस तास मावतात. पेन ड्राइव्ह बॉक्सने ओळखला नाही, तर संगणकावर ‘फॅट 32’ पद्धतीने फॉरमॅट करून घ्यावा. मात्र त्याने आतले सारे पुसले जाते, हे ध्यानात ठेवावे. ठरावीक वेळेची नोंद हवी असेल तर टायमर लावावा आणि दोन्ही बाजूंना पाच-पाच मिनिटे जास्त धरावीत. बॉक्स रिमोटने बंद केला तरी चालतो. भिंतीवरचे बटण मात्र चालू राहिले पाहिजे. साध्या बॉक्सला एका वेळी एकच नोंद झेपते, हेही लक्षात असावे. वाहिन्यांची यादी लिलावानंतर, साधारण एप्रिलच्या सुमारास, बदलते. तेव्हा एकदा पुन्हा शोध घ्यावा, नाहीतर टायमर भलत्याच वाहिनीवर चालेल.

हे कायद्यात बसते का? 1957 च्या कॉपीराइट कायद्याचे 39 वे कलम म्हणते, की स्वतःच्या खासगी वापरासाठी, किंवा केवळ प्रामाणिक अध्यापन व संशोधनासाठी केलेली नोंद हा प्रसारणाच्या हक्काचा भंग नव्हे. तिच्या प्रती करून विकणे ही गोष्ट वेगळी.

एवढा खटाटोप कशासाठी? नुसत्या करमणुकीसाठी नव्हे. 2020 मध्ये शाळा बंद पडल्या, तेव्हा ‘पीएम ई-विद्या’ योजनेत ‘एक इयत्ता, एक वाहिनी’ या तत्त्वाने पहिली ते बारावीसाठी बारा वाहिन्या ठरल्या, आणि त्या या छत्रीवरही आल्या. पण पाठ लागतो त्याच्या वेळेला. त्या वेळी सातवीतली मुलगी पाणी भरत असते, कांदा काढत असते, किंवा गावात भारनियमन चालू असते. घरात भावंडे दोन, इयत्ता दोन आणि टीव्ही एक, असेही असते. मोबाइलवर पाहावे तर डेटाला पैसे पडतात. अशा घरी भाऊ त्याचा पाठ बघत असताना एक नोंद होऊ शकत नसेल, तरी तो शाळेत असताना होते. आणि रात्री दिवे आल्यावर तोच पाठ तीन वेळा थांबवून, मागे नेऊन पाहता येतो. वर्गातल्या शिक्षकाला ‘पुन्हा सांगा’ म्हणायला लाजणारे मूल पेन ड्राइव्हपुढे लाजत नाही.

चित्र मोफत मिळाले म्हणजे अर्धेच काम झाले. ते आपल्या वेळेला मिळाले, तरच ते खऱ्या अर्थाने आपले. त्यासाठी एक छत्री, एक बॉक्स आणि अंगठ्याएवढा पेन ड्राइव्ह पुरतो.