आकडा कोणत्या यंत्राचा?

नागपूर परिसरातल्या खेड्यांत झालेल्या ‘सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी’त कॉर्नियाच्या, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक आवरणाच्या, मध्यभागाची सरासरी जाडी ५१४ मायक्रॉन भरली. डोळ्याचा दाब मोजणारं गोल्डमनचं यंत्र ५२० मायक्रॉन धरून बेतलेलं आहे. सरासरी जुळते, माणसं जुळत नाहीत. त्याच पाहणीत प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासूनचा नेहमीचा फरक, ३३ मायक्रॉनचं होतं. त्या हिशेबाने साधारण सहांपैकी एकाचा कॉर्निया ४८०च्या आसपास किंवा त्याहूनही पातळ निघेल. पातळ कॉर्नियावर दाब खऱ्यापेक्षा कमी दिसतो आणि काचबिंदू निसटू शकतो. आसेगावसारख्या गावातल्या रुग्णासाठी म्हणूनच जाडी मोजणं ही चैन नाही.

प्रश्न आहे कशाने मोजायची. अल्ट्रासाउंडच्या पद्धतीत डोळा सुन्न करणारा थेंब टाकून पेनासारखा प्रोब कॉर्नियावर काटकोनात टेकवतात. ध्वनिलहरी पुढच्या आणि मागच्या पृष्ठभागावरून परततात, आणि वेग सेकंदाला १६४० मीटर धरून जाडी निघते. यंत्र छोटं असतं, शिबिरात नेता येतं. पण हात मध्यापासून जरा सरकला की आकडा वाढतो, कारण कॉर्निया कडेला जाड असतो. पेंटाकॅम डोळ्याला न शिवता फिरत्या कॅमेऱ्याने पूर्ण नकाशा काढतो. ओसीटी प्रकाशाच्या परतीवरून थर दाखवते. दोन्ही सर्वांत पातळ जागा कुठे आहे ते सांगतात, आणि ती बहुधा मध्याच्या जराशी खाली, बाहेरच्या बाजूला असते.

मग नकाशाचं यंत्रच का नको? केराटोकोनसची, म्हणजे कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा फुगण्याच्या आजाराची, शंका असेल किंवा चष्म्याचा नंबर लेसरने घालवायचा असेल, तर तेच हवं. तिथे प्रोब पुरेसा नाही. पण काचबिंदूसाठी प्रोबचा आकडा चालतो. अडचण दोन यंत्रांचे आकडे एकाच रांगेत लावण्यात आहे. ऑर्बस्कॅन या नकाशा काढणाऱ्या यंत्राचे आकडे अल्ट्रासाउंडपेक्षा जास्त येत, म्हणून त्यांना ०.९२ने गुणायची पद्धत पडली. वाशीमला प्रोबने, अकोल्याला पेंटाकॅमने मोजलं आणि वीस मायक्रॉन कमी आले, तर कॉर्निया झिजला असं समजणं चूक. झोपेतून उठल्यावर तो काही टक्के सुजलेला असतो, तेव्हा मोजणीची वेळही महत्त्वाची. कागदावर आकड्याशेजारी यंत्राचं नाव आणि वेळ लिहायलाच हवी.

शेतात काडी लागून डोळ्यात फूल पडलेल्यांचं प्रकरण वेगळं. पांढऱ्या डागावर पेंटाकॅमचा निळा प्रकाश विखुरतो आणि मागची कड हरवते. तिथे लांब तरंगलांबीची ओसीटी जास्त भरवशाची.