जुन्या गाडीला वापरलेला गिअरबॉक्स घेताना

आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांपैकी पुष्कळांच्या दारात पंधरा-अठरा वर्षांची एखादी गाडी उभी असते. तिचे हप्ते केव्हाच फिटलेले असतात आणि धंद्याची निम्मी धावपळ तिच्यावरच चालते. अशी गाडी एके दिवशी गिअरबॉक्सपाशी अडते. नवा बॉक्स घ्यावा तर गाडीच्या बाजारभावाचा मोठा हिस्सा त्यातच जातो, आणि बंद झालेल्या मॉडेलचा नवा बॉक्स मिळेलच असेही नाही. मग उरतो जुन्या बाजाराचा रस्ता. आम्ही कापडाचे व्यापारी, मोटारीचे मिस्त्री नव्हे. परंतु गेल्या वर्षी रमजानच्या तोंडावर आमच्या २००७ सालच्या ओम्नीपायी हा रस्ता आम्हाला दोनदा चालावा लागला. पहिल्या वेळी पैसे बुडाले, दुसऱ्या वेळी काम झाले. त्यातून जे कळले ते येथे मांडीत आहोत.

प्रथम, दुखणे खरोखर गिअरबॉक्सचेच आहे काय, याची खातरी करून घ्यावी. पुष्कळदा दोष क्लचचा असतो आणि बॉक्स उगाच बदलला जातो. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी उचलत नाही, तर क्लच प्लेट झिजली असे समजावे. उभ्या गाडीत इंजिन चालू असता गिअर पडत नाही आणि इंजिन बंद करताच सहज पडतो, तर क्लच नीट सुटत नाही. केबल ताणूनसुद्धा काम होऊ शकते. न्यूट्रलमध्ये गुरगुर येते आणि क्लच दाबताच थांबते, तर बॉक्सच्या पुढच्या शाफ्टचे बेअरिंग गेलेले असण्याचा संभव मोठा. चालत्या गाडीत ठरावीक एकच गिअर घालताना खरखर होत असेल, तर त्या गिअरची पितळी सिंक्रो रिंग झिजलेली असते. आणि घातलेला गिअर आपोआप सुटून न्यूट्रलला येत असेल, तर मात्र बॉक्स उघडल्यावाचून गत्यंतर नाही.

आमच्या ओम्नीचा दुसरा गिअर आधी खरखरू लागला, मग सुटू लागला. आम्ही दोन महिने चालढकल केली. हात गिअरच्या दांडीवर दाबून धरायचा आणि गाडी हाकायची. शेवटी मिस्त्रीने खालचा बोल्ट काढून तेल परातीत घेतले. तेल काळे असणे ठीक; पण त्यात चांदीच्या वर्खासारखी चमक होती आणि तळाशी तांदळाच्या कण्याएवढे लोखंडाचे तुकडे. मिस्त्री म्हणाला, "शेठ, ही चमक बेअरिंगची, आणि हे तुकडे दाताचे." नुसती बेअरिंगे व रिंगा बदलून भागत असेल तर आपला स्वतःचा बॉक्स दुरुस्त करणे केव्हाही चांगले, कारण त्याचा इतिहास आपल्याला ठाऊक असतो. दाते तुटले, शाफ्ट खाल्ला गेला किंवा बाहेरचे अॅल्युमिनियमचे घर तडकले, म्हणजेच दुसरा बॉक्स शोधावा.

दुसरा प्रश्न, गाडीवर एवढा खर्च करावा काय? खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते व पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होते. एप्रिल २०२२ पासून ही फी ६०० वरून ५,००० रुपये झाली, आणि ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने वीस वर्षांवरील मोटारींसाठी ती १०,००० रुपये करण्यात आली. शिवाय पर्यावरण कर वेगळा. ज्याची मुदत सहा महिन्यांत संपते आणि जिचा पत्रा खालून गळला आहे, त्या गाडीला बॉक्स बसवणे म्हणजे फाटक्या चादरीला रेशमी गोट लावणे होय. आमच्या गाडीचे नूतनीकरण २०२२ साली झालेले होते, पत्रा शाबूत होता, इंजिन तेल खात नव्हते. म्हणून आम्ही हिंमत केली.

आता बसणारा बॉक्स कोणता, ही खरी गोम. ओम्नी आणि मारुती ८०० यांचे इंजिन ७९६ सीसीचे, एकाच घराण्यातले. त्यामुळे पुष्कळांचा समज होतो की बॉक्सही एकच असणार. तसे नाही. ८०० मध्ये इंजिन आडवे बसवलेले असून पुढची चाके ओढतात. तिचा गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच घरात असतात. ओम्नीत इंजिन पुढच्या सीटखाली उभे असते, बॉक्स त्याच्या मागे, तेथून लांब शाफ्ट मागच्या चाकांपर्यंत जातो आणि डिफरन्शियल तिकडे वेगळे असते. एकाचा बॉक्स दुसऱ्याला बसणे शक्यच नाही. नावात मारुती आहे एवढ्यावर माल गळ्यात मारणारे बाजारात भेटतात. ८०० मध्येही चार गिअरच्या व पाच गिअरच्या अशा दोन तऱ्हा निघाल्या, हे त्या गाडीवाल्यांनी ध्यानात ठेवावे. सांगावयाचे इतकेच की आपल्या गाडीचे मॉडेल, साल आणि बॉक्सच्या घरावर ओतलेला नंबर कागदावर लिहून न्यावा. शक्य तर जुना बॉक्स उतरवून टेंपोत घालून बरोबरच न्यावा आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहावेत. पुढच्या शाफ्टच्या खाचा, इंजिनाला लागणाऱ्या बोल्टांची भोके, स्पीडोमीटरची केबल जेथे लागते ती जागा, रिव्हर्सच्या दिव्याचा स्विच आणि खालचा माउंटिंगचा कान, एवढे जुळले की माल आपला.

मुंबईच्या आसपास या कामाला कुर्ला प्रसिद्ध आहे. दिल्लीत मायापुरी, चेन्नईत पुदुपेट, कोलकात्यात मल्लिक बाजार असेच नावाजलेले. मेरठचा सोतीगंजही तसाच होता. परंतु चोरीच्या गाड्या तेथे सुट्या होतात या आरोपावरून पोलिसांनी कारवाई केली आणि डिसेंबर २०२१ मध्ये तो बाजार बंद पडला. आपल्या बांधवांनी यातून एक गोष्ट नीट समजून घ्यावी. गाडीच्या आरसी बुकात इंजिन व चेसिसचे नंबर असतात, म्हणून जुने इंजिन बसवले तर आरटीओत नोंद करावी लागते. गिअरबॉक्सचा नंबर तेथे नसतो. त्यामुळे बॉक्स बदलणे सोपे आहे, आणि त्याच कारणाने चोरीचा बॉक्स खपवणेही सोपे आहे. चोरीचा आहे हे माहीत असताना किंवा तसे मानायला जागा असताना माल घेणे, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे गुन्हा आहे. पूर्वी हेच भारतीय दंड संहितेचे कलम ४११ होते. तेव्हा पक्के बिल मागावे, त्यावर दुकानाचे नाव, तारीख, बॉक्सचा नंबर आणि शक्य असल्यास तो ज्या गाडीतून निघाला तिचा नंबर लिहून घ्यावा. २०२१ च्या नियमांनंतर सरकारमान्य भंगार केंद्रे निघाली आहेत. तेथे मोडायला दिलेल्या गाडीचे प्रमाणपत्र मालकाला मिळते व तिचे वापरण्याजोगे सुटे भाग विकले जातात. अशा केंद्रातून आलेला माल असेल तर दुकानदाराला कागद दाखवायला अडचण पडू नये. बिलाचे नाव काढताच ज्याचा चेहरा उतरतो, त्याच्याकडून दोन हजार स्वस्त मिळाले तरी घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आमचा पहिला सौदा कसा फसला तेही सांगतो. कोठल्या दुकानात ते लिहिण्याचे कारण नाही. घाई आमचीच होती. ईदेचा माल दुकानांना दाखवायचा, नमुन्याचे ताके गाडीत पडून. दुकानदाराने काळ्या रंगाने चकचकीत रंगवलेला बॉक्स पुढे ठेवला. साडेचार हजार रुपये ठरले, शिवाय आमचा जुना बॉक्स जमा. "चेकिंग गॅरंटी आहे, शेठ," एवढेच तोंडी बोलणे. भाच्याने हळूच म्हटले, "मामू, रंग ताजा दिसतोय." आम्ही त्याला गप्प केले. कापडाच्या ताक्याची वरची घडी पाहून सौदा करणाऱ्या गाहकाला आम्ही तीस वर्षे मनातल्या मनात हसत आलो, आणि येथे आम्हीच वरची घडी पाहिली. बॉक्स बसवला, तिसऱ्या दिवशी तिसरा गिअर सुटू लागला. परत नेला तर दुकानदार म्हणाला, बसवताना मिस्त्रीने बिघडवला. कागद काहीच नव्हता आणि आमचा जुना बॉक्सही तोवर त्याच्याकडून पुढे गेलेला. उतरवण्या-चढवण्याची मजुरी दोनदा पडली ती वेगळीच.

या नुकसानीत सर्वांत जास्त सलते ती जुना बॉक्स देऊन टाकण्याची चूक. नवा आणलेला बॉक्स पंधरा-वीस दिवस चालून दाखवीपर्यंत जुना घरातून हलवू नये. त्यातला तुटला एक गिअर; बाकीचे गिअर, शाफ्ट, झाकण, फोर्क हे सारे कामाचे असते. दोन आजारी बॉक्समधून एक धडधाकट बॉक्स करणारे उस्ताद आपल्या वस्तीत आजही आहेत.

दुसऱ्या वेळी आम्ही मिस्त्रीला त्याची दिवसाची मजुरी देऊन बरोबर नेले. त्याने जे केले ते कोणालाही करता येण्यासारखे आहे. त्याने रंगवलेले बॉक्स बाजूला सारले आणि तेला-धुळीने माखलेला एक निवडला. मळ जुना असला तर तडा किंवा वेल्डिंग झाकलेले नसते. मग कान व बोल्टांची भोके बोटाने चाचपली. पुढचा शाफ्ट धरून वर-खाली हलवला. किंचित हालचाल चालते, खडखडली तर बेअरिंग गेले. नंतर एकेक गिअर घालून शाफ्ट हाताने फिरवला. न्यूट्रलमध्ये मागचे टोक जोराने ओढले जाता कामा नये. पहिल्या गिअरमध्ये पुढचा शाफ्ट तीनहून अधिक वेळा फिरावा तेव्हा मागचा एकदा फिरतो. ओम्नीच्या चौथ्यात दोन्ही बरोबरीने फिरतात. फिरवताना कोठे अडखळले, एखाद्या जागी दर फेरीला टक् झाले, तर तेथे दात खाल्लेला आहे. शेवटी तळाचा बोल्ट उघडायला लावला. तेल जाड, त्यात भुसा किंवा ग्रीससारखे काही आढळले तर सौदा मोडावा; आवाज दाबण्याची ती फार जुनी युक्ती आहे. तेल दुधाळ असेल तर आत पाणी शिरलेले आहे. गिअरबॉक्सला हवेचे बारीक छिद्र असते, गाडी पुरात बुडाली की त्यातून पाणी जाते. २६ जुलै २००५ च्या पावसात मुंबईत किती गाड्या बुडाल्या हे आपण पाहिले आहे. अशा गाड्यांचे भाग शेवटी याच बाजारात येतात.

हा बॉक्स सहा हजारांना पडला, म्हणजे पहिल्याहून महाग. पण बिलावर नंबर होता आणि पंधरा दिवसांत दोष निघाल्यास बदलून देण्याचे वाक्य दुकानदाराने स्वतःच्या हाताने लिहिले. मजुरीची जबाबदारी तो घेणार नव्हता. कोणीच घेत नाही, ती धरूनच हिशेब करावा.

बॉक्स खाली उतरलेलाच असतो तेव्हा थोडा खर्च आणखी करावा. क्लच प्लेट झिजत आली असेल तर ती, रिलीज बेअरिंग, पुढच्या शाफ्टचे सील आणि इंजिनाचे मागचे सील बदलून घ्यावे. हे भाग बॉक्सच्या मानाने स्वस्त आहेत. पण महिन्याभराने त्यापैकी एक गेला तर तीच सगळी मजुरी पुन्हा. तेल गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचेच घालावे. डब्यावर जीएल-४ आणि जीएल-५ असे लिहिलेले असते. जीएल-५ महाग म्हणून चांगले, असे समजून कोणी घालते, पण त्यातली काही रसायने पितळी सिंक्रो रिंगांना मानवत नाहीत. बसवताना बॉक्सचे वजन पुढच्या शाफ्टवर लटकू देऊ नये, खाली जॅक लावावा. नाहीतर क्लच प्लेट वाकते आणि दोष नव्या बॉक्सवर येतो.

आमची ओम्नी ईदेच्या नऊ दिवस आधी रस्त्यावर आली. मिस्त्रीच्या सांगण्यावरून पाचशे किलोमीटरनंतर तेल पुन्हा परातीत घेतले. बोल्टाला बारीक पिठासारखे काही चिकटले होते, तुकडा एकही नाही. तेच प्रमाण मानून गाडी पुढे चालू ठेवली आहे. पहिल्या दुकानातून आणलेला बॉक्स गोदामाच्या कोपऱ्यात झाकून ठेवला असून त्याचा दुसरा गिअर व दोन फोर्क शाबूत आहेत. ओम्नीवाल्या कोणा बांधवाला लागल्यास मिस्त्रीला सोबत घेऊन यावे.