उंबरठ्यावरचा तुर्कस्तान

राष्ट्रांच्या संघाने आपल्या मोठ्या शेजाऱ्यास आपल्यात सामावून घ्यावे काय, हा प्रश्न वरवर वाटतो तितका सोपा नाही. युरोपीय संघ आणि तुर्कस्तान यांच्यामधले साठ वर्षांहून अधिक काळ भिजत पडलेले घोंगडे हे त्याचे ठळक उदाहरण होय.

१९६३ साली अंकारा येथे झालेल्या करारात तुर्कस्तानच्या प्रवेशाचा पुढेमागे विचार होईल, असे म्हटले होते. १९८७ साली त्याने रीतसर अर्ज केला. त्याच वर्षी आलेला मोरोक्कोचा अर्ज, तो देश युरोपात नाही, म्हणून नाकारला गेला. तुर्कस्तानला तसे उत्तर मिळाले नाही. उलट १९९९ साली त्याची उमेदवारी मान्य झाली आणि २००५ साली वाटाघाटी सुरू झाल्या.

मग घोडे अडले कोठे? पहिले कारण आकाराचे. तुर्कस्तानची लोकसंख्या सुमारे साडेआठ कोटी, म्हणजे जर्मनीहून किंचित अधिक आहे. संघाच्या मंत्रिपरिषदेत बहुतेक ठराव संमत होण्यास ५५ टक्के राष्ट्रांचा व ६५ टक्के लोकसंख्येचा पाठिंबा लागतो. साहजिकच नवागताचे वजन संस्थापकांच्या बरोबरीचे ठरेल. शिवाय संघाची सीमा सीरिया, इराक व इराण यांना जाऊन भिडेल.

दुसरे कारण सायप्रसचे. १९७४ पासून दुभंगलेले हे बेट २००४ साली संघाचे सदस्य झाले. पण तुर्कस्तान त्याच्या सरकारास मान्यता देत नाही. सायप्रसच्या जहाजांना त्याने बंदरे खुली केली नाहीत, म्हणून २००६ साली वाटाघाटींची आठ प्रकरणे गोठविण्यात आली. एकूण ३५ प्रकरणांपैकी १६ उघडली, आणि मिटले ते एकच, तेही तात्पुरते. नव्या प्रवेशास सर्वांची संमती लागत असल्याने चिमुकले सायप्रसही बलाढ्य तुर्कस्तानला रोखू शकते.

तिसरे कारण सर्वांत गंभीर. १९९३ साली कोपनहेगन येथे ठरलेल्या अटींत लोकशाही, कायद्याचे राज्य व अल्पसंख्याकांचे रक्षण यांना अग्रस्थान आहे. धर्माची अट त्यांत नाही. सदस्यत्वाच्या आशेनेच तुर्कस्तानने २००४ पर्यंत देहदंड पूर्णपणे रद्द केला. परंतु २०१६ च्या फसलेल्या लष्करी उठावानंतर तेथे हजारोंची धरपकड झाली, आणि २०१८ साली वाटाघाटी ठप्प झाल्याचे संघाने जाहीर केले.

तथापि दोष एकाच पारड्यात टाकता येत नाही. दार उघडेल असे वाटत होते, तोवर तुर्कस्तानातील सुधारणावाद्यांच्या शब्दाला वजन होते. ते उघडणार नाही असे दिसू लागताच त्यांचे बळ ओसरले. २०१६ साली तर निर्वासितांना थोपवून धरण्याच्या बदल्यात युरोपने त्याला पैसा देऊ केला. ज्याला घरात घ्यायचे, त्यालाच राखणदार केले!

अटी पुऱ्या झाल्याखेरीज प्रवेश नाही, हे म्हणणे न्याय्यच आहे. मात्र अटी पुऱ्या केल्यावर तरी प्रवेश मिळेल, याचा भरवसा उमेदवारास हवा. तो नसेल, तर सरळ नकार देणे अधिक सभ्यपणाचे. पंक्तीला बोलावून पान न मांडण्यात यजमानाचीही शोभा राहत नाही.