सरदार चौकाचा उतार आणि २००३

परवा नव्या स्वयंसेवकांना घेऊन नाशिकच्या काळाराम मंदिराकडून रामकुंडाकडे चालत गेलो. सरदार चौकाचा अरुंद उतार लागला तशी एक मुलगी थबकली. "इथेच झालं ना ते?"

हो. २७ ऑगस्ट २००३, कुंभमेळ्यातल्या शाही स्नानाचा दिवस. चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले.

अशा गर्दीत बहुतेक माणसं उभ्या-उभ्या छाती दाबली जाऊन, श्वास कोंडून दगावतात. एका चौरस मीटरमध्ये पाच-सहा जण झाले की पाय आपले राहत नाहीत. मागच्याला पुढचं काहीच दिसत नाही, तो रेटतच राहतो.

म्हणून माझ्या लेखी सगळ्यात मोठी जबाबदारी लोंढ्याच्या मागे, चौकाच्या अलीकडे उभ्या असलेल्या अधिकाऱ्याची. रस्ता अडवायचा अधिकार त्याच्याच हाती हवा. "वर विचारून सांगतो" म्हणेपर्यंत उशीर झालेला असतो.

पुढे २००३ च्या या दुर्घटनेची रमणी आयोगाने चौकशी केली. २०१५ च्या कुंभात घाट वाढवले, भाविकांना वेगवेगळ्या घाटांवर विभागलं. तशी दुर्घटना पुन्हा झाली नाही.

आता २०२७ चा कुंभ तोंडावर आलाय. गर्दीच्या नियोजनाबद्दल काहीही विचारायचं असेल तर खाली जरूर लिहा. स्वयंसेवक व्हायचं असेल तरीही.