कुलाब्याचा किनारा व खारेपाटाचा बांध

अलिबागेस येणारा प्रवासी बहुधा समुद्र व किल्ला पाहून परततो. आमच्या शेतकरी बंधूंस विनंती इतकीच कीं, त्यांनीं परततांना वाट थोडी वांकडी करून खारेपाटांतील एखादा बांध अवश्य पाहावा.

१९८१ सालीं रायगड हें नांव मिळण्यापूर्वीं या जिल्ह्यास कुलाबा म्हणत. तें नांव अलिबागेसमोरील जलदुर्गाचें. शिवछत्रपतींच्या अखेरच्या काळांत त्याची उभारणी सुरू झाली, व पुढें सरखेल कान्होजी आंग्रे यांनीं तेथें आपल्या आरमाराचें ठाणें केलें. ओहोटीस किल्ल्यांत पायीं जातां येतें. मात्र भरतीची वेळ विचारून निघावें. कान्होजींची समाधि शहरांतच आहे. दक्षिणेस चौल हें प्राचीन बंदर, रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट व नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. हंगाम असल्यास येथील पांढऱ्या कांद्याची माळ घरीं न्यावी.

पूर्वेस धरमतर खाडीकडे वळलें कीं देखावा पालटतो. येथील भातशेतें उधाणाच्या पाण्याहून सखल आहेत. पूर्वजांनीं खाडीकांठीं मातीचे बांध घालून ती जमीन समुद्राकडून मिळविली. बांधांतील उघाडीचें दार ओहोटीस आंतील पाण्याच्या रेट्यानें उघडतें व पावसाचें पाणी बाहेर सोडतें. भरती आली कीं बाहेरच्या रेट्यानें तें आपोआप मिटतें. पावसानें क्षार धुऊन गेले कीं भात पिकतें. पण खेकड्याच्या एका बिळांतून पाणी झिरपूं लागलें व तिकडे दुर्लक्ष झालें, तर उधाणास खांड पडते. एका रात्रींत शिरलेलें खारें पाणी जमीन नासवून जातें, आणि ती सुधारण्यांत पुढचे पावसाळे खर्ची पडतात.

म्हणून बांध कोणीं राखावा व पीक कोणीं न्यावें, हाच या प्रांताच्या इतिहासाचा गाभा होय. जुन्या शिलोत्री पद्धतींत बांध राखणारास त्याबद्दल धान्य मिळे. पुढें खोतीच्या अमलांत कसणाऱ्या कुळाजवळ खंड देऊन फारसें कांहीं उरेना. १९३३ सालीं नारायण नागू पाटील यांच्या पुढारपणाखालीं चरी येथें कुळांनीं खोतांच्या जमिनी न कसण्याचा निश्चय केला. तो संप १९३९ पर्यंत चालला. मध्यंतरीं १९३७ सालीं डॉ. आंबेडकर यांनीं खोती रद्द करण्याचें विधेयक मुंबई विधिमंडळांत मांडलें. १९४८ सालीं खारजमिनींचा कायदा होऊन बांधांच्या कामांत सरकारहि उतरलें.

परंतु कायदा झाला म्हणून बिळावर रोज नजर ठेवण्यास सरकारी नोकर येत नाहीं. पहिलें ढेंकूळ गांवानेंच टाकावें लागतें. जेथें खांडी वेळेवर बुजविल्या गेल्या नाहींत, तेथें एके काळच्या भातशेतांत आज कांदळवन माजलेलें दिसतें. किल्ल्याचा तट ढासळला तर पाहणारास हळहळ वाटते. बांध ढासळला तर कसणाराचें घर बसतें. किनाऱ्यावरील आमच्या बंधूंनीं दर वैशाखांत एकदां तरी आपल्या बांधावरून पायीं चालून यावें, हें सांगण्यासाठींच हा लेखनप्रपंच.