बिल जमा झाले, पण राखायचे कोणी?



आमचे काम उसाचे. लागणीच्या नोंदी, बेणे, खोडवा, तोडीचा क्रम यापलीकडे आम्ही सहसा लिहीत नाही. पण मागच्या हंगामात आमच्या गटातल्या एका वयस्कर सभासदावर जो प्रसंग आला, तो पाहून गप्प बसवेना. त्यांना आपण इथे नुसते आबा म्हणू.

आबांचे पंधरवडा बिल बँकेत जमा झाले. सोसायटीची वसुली वजा जाऊन बऱ्यापैकी रक्कम उरली होती. तिसऱ्या दिवशी फोन आला. "शेतकी ऑफिसातून बोलतोय. तुमच्या बिलातला फरक राहिलाय. मोबाईलवर फाईल पाठवली आहे, ती उघडून माहिती भरा." बोलणारा अगदी आपल्या बोलीत, 'आबा, आबा' म्हणत बोलत होता. आबांनी फाईल उघडली, खाते नंबर भरला, कार्डाचे आकडे भरले. संध्याकाळी ४० हजार गेले.

आबा कुणालाच बोलले नाहीत. सून हसेल, पोरगा रागावेल, म्हणून रात्रभर जागे राहिले. सकाळी आणखी ३५ हजार गेले. तिसऱ्या दिवशी आमच्याकडे आले आणि म्हणाले, "साहेब, तुमच्याच ऑफिसातून फोन होता की."

ही ४० आणि ३५ ची फोड सभासदांनी नीट ध्यानात घ्यावी. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली या बाबतीत परिपत्रके काढली. सहकारी बँकांसाठीही वेगळे परिपत्रक निघाले. त्यात असे आहे की, चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही, तिसऱ्याच कुणी लबाडी केली, आणि बँकेचा निरोप मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत ग्राहकाने कळवले, तर त्याला तोशीस नाही. पण ग्राहकाने स्वतःच पिन किंवा ओटीपी सांगून टाकला असेल, तर कळवेपर्यंत जे गेले ते त्याचे. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. म्हणजे पहिले ४० हजार आबांच्याच पदरात पडले असते, हे खरे. पण त्याच संध्याकाळी बँकेला कळवले असते, तर सकाळचे ३५ हजार त्यांच्या अंगावर आले नसते. लाजेची किंमत ३५ हजार झाली.

तेव्हा असे काही झाले तर घरच्यांची बोलणी मागाहून खावीत, आधी १९३० हा सरकारी नंबर फिरवावा. बँकेलाही कळवावे, आणि तक्रारीचा नंबर वहीत लिहून ठेवावा. चोरलेला पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळत असतो. तो वाटेत आहे तोवरच अडवता येतो.

आता थोडे आमच्याच पदरचे बोलतो. आबांनी विचारले, "ओटीपी सांगू नका म्हणता, मग तुमचा चिटबॉय नोंदीला येतो तेव्हा काय मागतो?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. खरेच आहे. आमच्या नोंदीच्या ॲपला ओटीपी लागतो, शेतकरी ओळखपत्राला लागतो. बांधावर उभे राहून "आला का आकडा? सांगा पटकन" असे म्हणायची सवय आम्हीच लावली. चोरट्याने त्या सवयीचे पीक काढले. बँका भिंतीवर पाट्या लावतात, पण आकडा सांगायचा सराव ग्राहकाला कोण देते, हे कुणी पाहत नाही.

आमचा या नव्या व्यवहाराला विरोध नाही. आमच्या वडिलांच्या वेळी बिलाच्या दिवशी सोसायटीच्या दारात रांग असे आणि घरी जाताना बंडीच्या आतल्या खिशावरचा हात निघत नसे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस आल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, ते आज थेट खात्यावर पडतात. २०१६ साली यूपीआय आले, आता खताच्या दुकानापासून चहाच्या टपरीपर्यंत तेच. फक्त एक ओळखून असावे. पैसे यायला पिन लागत नाही. "पैसे पाठवतो, पिन टाका" म्हणणारा पैसे न्यायला आलेला असतो.

अंगठ्याचेही तसेच. गावात मशीन घेऊन बसणारा "व्यवहार झाला नाही, परत अंगठा लावा" म्हणाला, तर आधी पावती मागावी. आधारचा अंगठा कुलूपबंद करून ठेवायची सोय आहे, ती नातवाकडून करून घ्यावी.

आणखी एक प्रश्न गटात फिरताना नेहमी निघतो: बँकच बुडाली तर? सहकारी बँक धरून बँकेतल्या ठेवीला विमा आहे. ४ फेब्रुवारी २०२० पासून तो १ लाखाचा ५ लाख झाला. मुद्दल-व्याज मिळून, आणि एका बँकेत सगळी खाती मिळून ५ लाख. पतसंस्थेतल्या ठेवीला मात्र हा विमा नाही. जादा व्याजाच्या पाटीखाली ही गोष्ट लिहिलेली नसते.

बऱ्याच सभासदांच्या खात्याला पुतण्याचा किंवा बंद पडलेला जुना नंबर जोडलेला आहे. पैसे गेल्याचा निरोप तिकडे जातो आणि धनी बांधावर निवांत. पुढच्या बिलाच्या आधी बँकेत जाऊन आपलाच नंबर लावून घ्यावा. कारखान्यातून बिलासाठी कुणालाही फाईल पाठवली जात नाही. फोन आला तर ठेवून द्यावा आणि गट ऑफिसात येऊन विचारावे.

आबांच्या पैशापैकी थोडी रक्कम कुठल्याशा खात्यात अडकवली गेली आहे, कागद चालू आहेत. परवा आडसालीच्या नोंदीला आमचा चिटबॉय त्यांच्याकडे गेला. आबांनी ओटीपी सांगायचे साफ नाकारले. "नोंद राहिली तर राहू दे," म्हणाले. शेवटी आम्ही स्वतः गेलो. चष्मा लावून, निरोप दोनदा वाचून, आबांनी आपल्या हाताने आकडे दाबले. त्यात पंधरा मिनिटे गेली. आता गटातल्या सगळ्या चिटबॉयांना आम्ही तेवढी पंधरा मिनिटे धरून चालायला सांगितले आहे.